फोटोवरून जुनं घर रंगवताय? या चुका टाळा

जून उजाडला की माझ्या रविवारच्या वर्गात एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. मे महिन्यात गावी जाऊन आलेली मंडळी फोन पुढे करतात. कौलारू घर, पुढे अंगण, तुळस, मागे दोन माड. "मॅडम, दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्याआधी एक चित्र करून ठेवायचंय." अशा माणसाला मला कधीच नाही म्हणवत नाही. कोकणातली जांभ्याची घरं एकामागून एक स्लॅबची होत चालली आहेत आणि ज्याचं बालपण त्या ओटीवर गेलं त्यानेच ते घर रंगवावं, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच त्याच त्या चुकांपायी ही चित्रं हातची जाताना बघवत नाही. घर एकदा उतरवलं की पुन्हा जाऊन बघून येता येत नाही.

बहुतेकांना ॲक्रिलिक हा प्रकार नवा असतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते, म्हणजे हाताला जलरंगाची आणि पोस्टर कलरची सवय. ती सवय कुठे उपयोगी पडते आणि कुठे आडवी येते तेही सांगते. पण आधी सगळ्यात मोठी चूक. ती रंगाची डबी उघडण्याआधीच होते.

फोटो म्हणजेच घर असं धरून चालणं

काही वर्षांपूर्वी देवगड तालुक्यातल्या एका घराचं चित्र माझ्याकडे सांगितलं होतं. कुटुंब मुंबईचं, घर बंद पडलेलं, आजींचा नव्वदावा वाढदिवस जवळ आलेला. नातवाने फोटो पाठवला. फोटो देखणा होता. सकाळचं ऊन, ओल्या कौलांवर चमक, वर माडाच्या झावळ्या. मी अठरा बाय चोवीसच्या कॅनव्हासवर तो चौकटी पाडून तंतोतंत उतरवला. तीन आठवडे काम केलं. वाढदिवसाच्या चार दिवस आधी कुटुंब चित्र बघायला आलं, आजींनाही घेऊन आले.

आजी बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "ह्यां आमचां घर न्हय गो, बाये."

नातू गडबडला, म्हणाला, "आजी, फोटोवरूनच केलंय." पण आजींचं बरोबर होतं. त्यांनी एकेक करून सांगितलं. आमच्या ओटीवर सात अंथरुणं पडायची, इथे तीनसुद्धा मावणार नाहीत. आमची वळचण, म्हणजे छपराची खालची कड, अंगणात उभं राहून हात वर केला की हाताला लागायची, सासरे पायरी चढताना मान खाली घालत. इथे ती आभाळात गेलीय. आणि ओटीला चार खांब होते, तिसरा कुठाय?

घरी येऊन मी तो फोटो पुन्हा समोर घेतला, आणि सगळा उलगडा झाला. नातवाला घर आणि माड दोन्ही फोटोत हवे होते. म्हणून तो अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवा बसला, घराच्या अगदी जवळून, फोन वर कलता धरून. फोनची नेहमीची भिंग रुंद कोनाची असते. इतक्या जवळून ती समोरचा कोपरा वाढवते आणि लांबचं टोक आवळून टाकते. त्यामुळे ओटी आखडली. फोन जमिनीपासून दोन फुटांवर होता, त्यामुळे वळचणीची रेघ तिरकी वर चढली आणि बैठं घर दुमजली वाटायला लागलं. छप्पर खालून बघितल्यामुळे चपटं झालं. फोन कलता असल्यामुळे खांब वरच्या बाजूला आत झुकले. आणि तिसरा खांब तुळशीवृंदावनाच्या मागे लपला होता. मी ते सगळं इमानेइतबारे रंगवलं होतं.

दुसरा कॅनव्हास ताणला. पण या खेपेला आधी घर शोधलं आणि मग रंगवलं. आज माझी जी पद्धत आहे ती त्या आठ-दहा दिवसांत बसली.

पहिलं म्हणजे क्षितिजरेषा, म्हणजेच बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. फोटोत जोत्याची, म्हणजे घराच्या चौथऱ्याची, रेघ आणि वळचणीची रेघ लांबवून बघा, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर फोटो काढणाऱ्याचा फोन होता. ती रेघ पायरीच्या उंचीवर आली तर समजा फोटो बसून काढलाय. चित्रात मी ती रेषा उभ्या माणसाच्या डोळ्यांवर, अंगणापासून पाचेक फुटांवर नेते. डोळ्यांच्या वरच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि जी रेघ डोळ्यांच्या पातळीजवळ असते ती जवळजवळ आडवीच राहते. कोकणातल्या घराची वळचण खाली उतरलेली असते, त्यामुळे उभ्या माणसाला तिची रेघ फार तिरकी दिसतच नाही. घर बैठं आणि मायेचं वाटतं ते या एका रेघेमुळे. ती चुकली की पुढे कितीही सुंदर रंग लावा, उपयोग नाही.

दुसरं, मोजमाप. कुणीही टेप घेऊन गावी जाणार नसतं, पण मंगलोरी कौल ही चांगली फूटपट्टी आहे. कौल साधारण सोळा इंच लांब आणि नऊ इंच रुंद असतं, आणि शेजारचं कौल त्यावर थोडं चढत असल्यामुळे बसवल्यावर त्याची जवळपास आठ इंच रुंदी मोकळी राहते. फोटो मोठा करून वळचणीची कौलं मोजा. लांबचं टोक आवळलेलं असलं तरी कौलांची संख्या काही बदलत नाही. त्या घराला मी ५४ मोजली. म्हणजे ४३२ इंच, ३६ फूट. फोटोवरून मी ते वीसेक फुटांचं धरलं होतं.

तिसरं, विचारणं. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन लावा. "पडवी किती फूट होती?" असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. अंथरुणं किती पडायची, पंगत किती पानांची बसायची, झोपाळा कोणत्या दोन खांबांमध्ये होता, उन्हाळ्यात आमसुलं कुठे वाळत घालायचे, असं विचारा. तासभर सांगतील आणि त्यातून घर उभं राहील. शिवाय चित्र पूर्ण होण्याआधीच ते त्यांचं झालेलं असेल.

खांब आणि भिंती उभ्या करून घ्या. फोनमध्येच फोटो सरळ करायची सोय असते, उभ्या रेघा ताठ करणारी पट्टी सरकवली की झुकलेले खांब सरळ होतात. मात्र आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, सरळ करू नका. जुन्या घराचं आढं मध्ये थोडं खचलेलं असतं, वासे वाकलेले असतात, आणि घराचं वय तिथेच दिसतं. पट्टी लावून ओढलेलं आढं नव्या बंगल्याचं असतं. गमतीची गोष्ट अशी की नवशिके नेमकं उलट करतात. खांब तिरके ठेवतात आणि आढं पट्टीने ओढतात.

दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या छपराच्या, घराच्या बाजूच्या भिंतीचं टोक नेमकं कुठे येतं हे कळत नसेल तर भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढा. ते छेदतात तिथून उभी रेघ वर न्या, टोक तिच्यावरच येणार. इंटरमिजिएटला भूमितीचा पेपर दिला होता तो आता कामाला येतो.

आणि गावी जाणं अजून शक्य असेल तर फोटोच नीट काढा. जितकं मागे जाता येईल तितकं मागे जा, अगदी गडग्याच्या बाहेर रस्त्यावर, आणि तिथून दुप्पट झूम करून काढा. उभं राहून, फोन डोळ्यांसमोर सरळ धरून. एकाच जागेवरून दोन फोटो काढा: एकदा स्क्रीनवरच्या आभाळावर बोट टेकवून, एकदा ओटीच्या सावलीवर. घराकडे जवळून बघत वीसेक फोटो तपशिलांचे काढा. दाराची कडी, खांबाचा तळ, कोनाडा, कौलाचा कोपरा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा तपशील वाटेतच जातो.

प्रोजेक्टरबद्दल मला दर बॅचला विचारतात. फोटो कॅनव्हासवर पाडून गिरवला तर काय बिघडलं? बिघडतं हे, की भिंगाचे सगळे दोष गिरवले जातात, आणि तुमच्या हाताला घर कळत नाही. गिरवलेल्या खांबाला तुम्ही एकदाही जोखलेलं नसतं. पुढे रंग लावताना रेघ पुसली गेली की हात थांबतो, कारण तो खांब तिथेच का होता हे माहीत नसतं. वर सांगितलं तसं आधी घर शोधा, मग चौकटी पाडून काढा, दोन संध्याकाळी जातील. ज्यांना दोन संध्याकाळी द्यायच्या नाहीत त्यांनी फोटोच मोठा छापून फ्रेम करावा, तोही सुंदर दिसतो. फोटोला आपोआप पेंटिंगचं रूप देणारी ॲप संदर्भ म्हणून वापरू नका. ती खांब आणि सावली यांतला फरक पुसून टाकतात.

कॅनव्हासचा आकार न बघता सुरुवात करणं

फोनचा फोटो सहसा चारास तीन या प्रमाणात असतो. त्याला बारा बाय सोळा किंवा अठरा बाय चोवीस बरोबर बसतो. सोळा बाय वीस बसत नाही, मग माणसं घर आडवं दाबतात किंवा उभं ताणतात. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन असतो, त्याला बारा बाय अठरा घ्या. एवढंच.

सावलीत काळा भरणं

ही माझी दुसरी दुखरी नस. कॅमेऱ्याला ऊन आणि सावली एकाच वेळी सांभाळता येत नाही. भर उन्हात काढलेल्या फोटोत ओटीच्या आत काळं कुट्ट दिसतं, दार म्हणजे काळं भोक दिसतं. ते बघून नवशिका काळ्या रंगाची ट्यूब पिळतो आणि दार भरून टाकतो. झालं. घरात कुणी राहत असल्याची सगळी खूण गेली.

एकदा कुठल्याही जुन्या ओटीवर दुपारी बसून वर बघा. वळचणीच्या आतल्या बाजूला, वाशांवर आणि रिपांवर, तांबूस उजेड खेळत असतो. अंगणातल्या लाल मातीवर, सारवलेल्या जमिनीवर ऊन पडतं आणि ते उलटून वर येतं. म्हणजे छपराची सावली खालून ऊबदार असते. तीच सावली बाहेर भिंतीवर पडते तेव्हा तिच्यात आभाळाचा निळा असतो. एकाच छपराच्या दोन सावल्या, एक तांबूस आणि एक निळसर. कॅमेरा दोन्ही काळ्या करतो. हा फरक चित्रात आणला की बघणारा माणूस आपोआप ओटीवर चढतो.

काळी ट्यूब मी वर्गात आणूच देत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना मिसळा, हवा तेवढा गडद होतो. निळा जास्त घातला की थंड, सायना जास्त घातला की ऊबदार. दाराच्या आतल्या अंधारासाठी बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि किंचित क्रिमसन. आणि अंधारातही काहीतरी ठेवा. मागच्या दाराची उजेडाची उभी चीर, देवळीतल्या दिव्याचा ठिपका, कणगीचा गोल. फोटोत ते दिसत नसेल तर फोनमध्ये शॅडोजची पट्टी वर सरकवून बघा, बरंच काही सापडतं. एका विद्यार्थिनीला असं करताना माजघराच्या दारात बसलेली तिची आई सापडली होती. फोटो काढताना ती तिथे होती हे तिच्या लक्षातही नव्हतं.

फोन किंवा टॅब समोर ठेवून रंगवत असाल तर डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा बंद करा आणि उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोयही बंद करा. रात्री आठनंतर फोन पिवळा होतो आणि चुन्याची भिंत बघता बघता हळदीची होऊन बसते. छापील प्रत काढली असेल तर रंगासाठी तिच्यावर विसंबू नका, फक्त रेखाटनाला वापरा.

एकेक कौल रंगवत बसणं

याचा मला राग येत नाही, वाईट वाटतं, कारण ही चूक मेहनती माणसांची आहे. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय नेटके. संगमेश्वरकडचं त्यांचं घर. त्यांनी छपराला बारीक ब्रश घेतला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून पहिलं कौल सुरू केलं. प्रत्येक कौलाला कडा, प्रत्येक कौलाला सावली. मी म्हटलं, आधी मोठे भाग भरा. ते म्हणाले, होईल हो, रोज पन्नास करतो. तीन रविवारांनी सहाशेच्या वर कौलं झाली. छपराची पाखी भिंतीवर टांगलेल्या चटईसारखी सपाट उभी राहिली होती. उतार नाही, ऊन नाही, लांब-जवळ नाही. त्यांनी स्वतःच लांब जाऊन बघितलं आणि खाली बसले. सहाशे कौलांवर रंग फिरवायला मन घट्ट करावं लागतं. त्यांनी ते केलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचं छप्पर दोन तासांत झालं.

ते असं. डोळे अर्धवट मिटून फोटो बघा. छपराचे तीनच भाग दिसतील: उन्हातला, तिरक्या उजेडाचा, सावलीतला. मोठा चपटा ब्रश घ्या, इंचभर तरी रुंद, आणि हे तीन भाग तीन रंगांनी भरून टाका. ब्रशचे फटकारे छपराच्या उताराच्या दिशेने, आढ्याकडून वळचणीकडे. पावसाचं पाणी जसं उतरतं तसा हात उतरला पाहिजे. वाळलं की त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने थोडा उजळ रंग ओढा, तोही उताराच्या दिशेने. कौलांच्या ओळी आपोआप सुचायला लागतात. मग बारीक ब्रश घ्या आणि कौलं फक्त तीन ठिकाणी काढा: वळचणीची कड, आढं, आणि जवळच्या कोपऱ्यातली आठ-दहा. बाकीची बघणाऱ्याचा डोळा काढतो.

रंगात मात्र कंजुषी नको. जुन्या छपराला एक रंग कधीच नसतो. गेल्या वर्षी बदललेली चार कौलं नारिंगी असतात, माडाखालचा भाग शेवाळून काळा-हिरवा होतो, आढ्याजवळचा उन्हाने फिका पडतो. आणि एखादं काचेचं कौल असतं. चुलीजवळ उजेड यावा म्हणून बसवलेलं. चित्रात तो आभाळाच्या रंगाचा इवलासा चौकोन ठेवा, छपराला जीव येतो.

घराचं वयही तपासा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं होती, आणि पुष्कळ घरांत मुख्य छपराला मंगलोरी आली तरी गोठ्यावर, न्हाणीवर नळीचीच राहिली. दोन्हींची पोत वेगळी दिसते. नळीच्या कौलांच्या ओळी गोल, वेड्यावाकड्या, आणि सावली जास्त धरणाऱ्या. सगळ्या छपरांना एकच कौल लावून मोकळं होऊ नका.

उतारही जपा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथलं छप्पर उगाच उभं नाही.

जांभ्याला विटेचा रंग

बर्न्ट सायनाची ट्यूब उघडून सरळ भिंतीला लावली की वीटभट्टी होते. जांभ्यात लोह असतं म्हणून तो तांबडा, पण नुकता काढलेला चिरा बघा, त्यात पिवळा आहे, जांभळट आहे, मधेच पांढुरका मातीचा डाग आहे, आणि भोकं आहेत. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्या-उन्हाने टणक होत जातो, आणि चार पावसाळे खाल्ले की बाहेरून काळवंडतो. माझी कृती: यलो ऑकर आणि बर्न्ट सायनाचा पातळ थर सगळ्या भिंतीवर. त्यावर सायना, किंचित क्रिमसन आणि अल्ट्रामरीन यांचा जांभळट रंग, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून त्याने टिपत. कापलेला नको, फाडलेला. कापलेल्या स्पंजचे शिक्के सारखे उठतात. जोत्याच्या तळाशी हिरवट काळा. चिऱ्यांचे सांधे कौलांसारखेच: मोजके, कोपऱ्याजवळचे.

चुन्याच्या भिंतीला सरळ पांढरा लावू नका. टिटॅनियम व्हाइटमध्ये उन्हात किंचित ऑकर, सावलीत किंचित अल्ट्रामरीन आणि सायना. आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीवर लाल शिंतोडे असतातच, पागोळ्यांनी अंगणातली माती उडवलेली असते. जुन्या टूथब्रशने बोटाने उडवा. हा पट्टा विसरला की भिंत शहरातली वाटते.

झाडांना ट्यूबमधला हिरवा नको. लेमन यलो, अल्ट्रामरीन, चिमूटभर सायना. फणस गडद, माड पिवळसर, आणि झाडांच्या मधून आभाळाची भोकं शेवटी टाका.

पाणी, पंखा आणि घाई

चित्रकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले ते १९५५ च्या सुमारास. तैलरंगाच्या मानाने माध्यम तरुण, आणि स्वभावाने घाईचं. त्याच्याशी आपणही घाई केली तर दोघं मिळून चित्र बिघडवतात.

जलरंगवाले पाणी फार घालतात. ॲक्रिलिकमध्ये रंगाची भुकटी धरून ठेवणारा चीक असतो. पाणी वाढलं की तो विरळ होतो, रंग कोरडा, खडूसारखा पडतो, नीट धरत नाही. पातळ थर हवा असेल तर मॅट मीडियम किंवा ग्लेझिंग मीडियम (म्हणजे रंगाविना नुसता तो चीक) घाला आणि पाणी चमचाभर. जलरंगात उजेडाकडून अंधाराकडे जायचं असतं, कारण पांढरा कागद राखायचा असतो. इथे उलट जाता येतं. मी अंधार आधी भरते आणि ऊन शेवटी ठेवते. चुन्याच्या भिंतीवरचं सकाळचं ऊन जाड रंगाने, एका फटकाऱ्यात.

ओला रंग बघून जुळवू नका. तो चीक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळल्यावर एक छटा गडद होतो. आकाशात हे फार जाचतं. कागदाच्या कपट्यावर ठिपका लावा, वाळू द्या, मग ठरवा. दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं न देता दुसऱ्या दिवशी पूर्ण आभाळ पुन्हा रंगवणारे मी दर वर्षी बघते.

पंखा बंद करा. मे महिन्यात डोक्यावर पंखा असेल तर पॅलेटवरचा रंग पाहता पाहता धरतो, म्हणजे सुकायला लागतो. घाम येईल, येऊ द्या. मिठाईच्या चपट्या डब्यात ओलं सुती फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढा. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओले राहतात. शेजारी पाण्याची फवारणी ठेवा. धरायला लागलेल्या रंगात मात्र ब्रश घालू नका. अर्धवट वाळलेला थर उचलला जातो आणि खाली भगदाड पडतं. थांबा, पूर्ण वाळू द्या, मग वरून करा.

काही चुकांना एक-एक ओळ पुरे. ब्रश केसांवर उभा पाण्यात ठेवू नका, आडवा ठेवा. वाळलेलं ॲक्रिलिक साबणाने निघत नाही. वीस रंगांचा संच घेऊ नका, सात ट्यूब पुरतात आणि पांढरी मोठी घ्या. झिंक व्हाइट झाकत नाही, टिटॅनियम घ्या. मास्किंग टेपच्या कडेवर आधी मीडियम फिरवा म्हणजे रंग आत झिरपत नाही, आणि जुन्या घराला तसाही टेप क्वचितच लागतो. विजेच्या तारा, डिश आणि छपरावरचं निळं प्लास्टिक ठेवायचं की काढायचं हे पहिल्या दिवशी ठरवा. मी तारा काढते आणि निळं प्लास्टिक घरच्यांना विचारते. गेल्या वर्षी एका घराने ठेवायला सांगितलं, कारण ते वडिलांनी शेवटचं बांधलेलं होतं.

त्या देवगडच्या आजींचं दुसरं चित्र वाढदिवसाला मिळालं नाही, दहा दिवस उशिरा गेलं. त्यांनी तिसऱ्या खांबावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे बसून मी तांदूळ निवडायचे. मग चौथ्या खांबाकडे बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

गुंडाळण्याची घाई

ॲक्रिलिक हाताला तासाभरात कोरडं लागतं म्हणून लोक त्याच दिवशी बांधून गावी न्यायला निघतात. आतून ते वाळायला दिवस लागतात, जाड थर असेल तर आठवडे. शिवाय वाळलेलं ॲक्रिलिकही उन्हात मऊ पडतं. बंद गाडीत दुपारी ठेवलेलं चित्र बबल रॅपला चिकटतं, आणि सोडवलं की आभाळभर गोल गोल शिक्के उठलेले असतात. माझ्या एका विद्यार्थ्याचं चार महिन्यांचं काम एका कुरिअरवाल्याने असंच परत आणून दिलं होतं. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून कधी ठेवू नका. बेकिंगसाठी मिळतो तो सिलिकॉन लावलेला कागद आधी रंगावर, त्यावर पुठ्ठा, आणि मग बबल रॅप, फोड बाहेरच्या बाजूला. व्हार्निश निदान दोन आठवड्यांनी. गाडीत नेणार असाल तर पहाटे निघा, आणि चित्र डिकीत न टाकता मागच्या सीटवर उभं ठेवा.